सपाट जागा

"मामी, जागा कशी सपाट हाय बगा," ओंकार म्हणाला आणि त्यानं तंबूची पिशवी टेम्पोतून खाली टाकली.

लंकाबाई जागेकडं बघतच नव्हती. प्रवरेच्या काठावरून पात्रात उतरणाऱ्या कच्च्या वाटेच्या तोंडाशी ती उकिडवी बसली होती. चाकोरीत बोट घालून तिनं वाळू चाचपली. ओली होती. मागं जोडचाकं असलेल्या मोठ्या गाडीचा ठसा होता आणि त्याच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. हातभर पुढं डिझेलचे काळे थेंब पडले होते. आज पहाटेच इथून गाड्या गेल्या होत्या. एक नव्हे, बऱ्याच.

पण जावयाला तोंडावर नको कसं म्हणायचं? कालपासून दोनदा म्हणून झालं होतं.

ओंकार तिसगावच्या बाजूला वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीत घालायचा. टेम्पो स्वतःचा होता. दिवाळीच्या सुट्टीत भंडारदऱ्याचं धरण दाखवायचं त्यानं आपल्या लेकीला, मोनूला, कबूल केलं होतं. लॉजवर राहायची ऐपत नव्हती आणि ते त्यानं कुणापासून लपवलंही नव्हतं. फुकटात मुक्काम करत हिंडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तो महिनाभर मोबाईलवर बघत होता आणि त्यातून त्यानं आपले नियम काढले होते. कुणाचं खाजगी रान नको, भांडण होतं. जंगलखात्याची हद्द नको, दंड होतो. देवस्थानाचं आवार चालतं, पंपावर विचारून राहता येतं, आणि नदीचं पात्र तर सरकारी, म्हणजे आपलंच. नवा निळा तंबू, गॅसची शेगडी, गोधड्या, बायको, पोर आणि सासू एवढं घेऊन तो निघाला. सासूला आणायचा हट्ट मोनूचा होता.

लंकाबाईनं जन्मात कधी सहल केली नव्हती. मुक्काम मात्र उदंड केले होते. तीस वर्षं ती नवऱ्याबरोबर, पुंजारामबरोबर, ऊसतोडीला गेली. दिवाळी झाली की गाव सोडायचं आणि सांगतील त्या रानाच्या कडेला पाचटाची कोपी घालून पाच-सहा महिने काढायचे. पाणी किती लांब, वारा कुठून, जमीन कुणाची, हे तिला जागेवर पाय ठेवताच कळायचं. काल शिंगणापूरला मोनूला बिनदाराच्या घरांचं फार नवल वाटलं. लंकाबाईला वाटलं नाही. कोपीला कुठं दार असतं? पण तिथल्या पार्किंगच्या मैदानात ओंकारनं तंबू उघडला तेव्हा ती हळूच म्हणाली, "हितं नगं. गाड्या येत्यात." मग सगळे यात्रेकरूंच्या पडवीत झोपले. आज दुपारी श्रीरामपूरच्या रस्त्याला एका पंपावरच्या माणसानं मागची मोकळी जागा दाखवली, तिथंही ट्रकची रांग बघून तिनं मान हलवली. ओंकारनं टेम्पोचं दार जरा जोरात लावलं.

आणि आता ही जागा. बेलापूर मागं पडून दोन-तीन किलोमीटर झाले होते. दिवस मावळायला तास-दीड तास होता. अलीकडं काळ्याशार उसाचा फड, पलीकडं बाभळी, मध्ये पाण्याची बारीक धार, आणि धारेच्या अलीकडं अंगणासारखी दाबून बसलेली वाळू. एवढी दाबून बसलेली वाळू आपोआप होत नाही, हे लंकाबाईला दिसत होतं.

लंकाबाईची लेक जया शेगडीवर चहा ठेवत होती. लंकाबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

"जये, हितं रातच्या गाड्या उतरत्यात. वाळूच्या. ताजं चाक हाय."

"आई, तुला समद्या ठिकानी चाकच दिसतं," जया दमलेल्या आवाजात म्हणाली. "दोन वेळा तुझं ऐकलं त्यान्नी. आता गप ऱ्हा. पोरीच्या तोंडाकडं बघ तरी."

मोनू चाकोरीत फतकल मारून बसली होती. दोन्ही बाजूंनी वाळूची भिंत आयतीच मिळाली होती, त्यात तिचं घर चाललं होतं. लंकाबाई उठली, तिनं मोनूला काखेत धरून उचललं आणि लांब बाभळीखाली नेऊन ठेवलं. मोनू रडली. ओंकारनं वळून बघितलं आणि पुन्हा तंबूची खुंटी ठोकायला लागला.

तेवढ्यात काठावरून मोटारसायकल खाली आली. पुढं नंबराची पाटी नव्हती.

दोघं होते. चालवणारा तोंडात काहीतरी चघळत होता. मागचा उतरला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात स्वच्छ बूट. नदीत यायचे ते कपडे नव्हते.

"राम राम. कुठली मंडळी?"

"तिसगावकडची," ओंकार म्हणाला. "भंडारदऱ्याला चाललोय. रातच्यापुरता मुक्काम."

"बरं हाय की. शूटिंग करता काय?"

"न्हाई. आपलं घरच्यापुरतं."

"बघू."

ओंकारनं मोबाईल दिला. मागून घेणारा इतक्या गोडीनं बोलत होता की न देणं सुचलंच नाही. त्या माणसानं अंगठ्यानं एकेक फोटो सरकवला. शिंगणापूरचे सोडले. नदीचे चार होते, एक व्हिडिओ होता. ते पुसले, पुसलेल्यातूनही पुसले आणि मोबाईल परत दिला.

"ऱ्हावा बिनघोर. नदी काय कुनाच्या मालकीची हाय का? फकस्त तंबू वाईच कडंला घ्या. रातच्याला आवाज आला तर बाहेर यायचं न्हाई. बॅटरी लावायची न्हाई. पोरं लाईट न लावता उतरत्यात, अंधारात त्यान्ला कोन दिसत न्हाई." मग त्यानं बाभळीकडं बघितलं. "पोरगी गोड हाय. नाव काय बाळा तुझं?"

मोनूनं नाव सांगितलं. त्यानं मान डोलावली, टेम्पोच्या नंबराचा फोटो काढला आणि मोटारसायकल आली तशी वर गेली. पण आवाज लांब गेला नाही. काठावरच थांबला.

चहा उतू गेला.

"झालं की मग," ओंकार शेवटी म्हणाला. "त्यान्नीच ऱ्हावा म्हनलं. तंबू चार हात सरकवू."

"आवं, चला हितनं," जया म्हणाली.

"आता लगीच निगालो तर त्यान्ला काय वाटंल? वाटंल पोलिसाला सांगायला चालले. गाडीचा नंबर घेतलाय त्यान्नी. रोज पहाटं एकटा दूध घेऊन हिंडतो मी." त्यानं खुंटी उपटली आणि पाच पावलं पलीकडं रोवायला घेतली. हातोडी दोनदा खुंटीवर न बसता वाळूत बसली. "हितं बी सपाटच हाय. पोरीच्या पाठीला टोचनार न्हाई."

लंकाबाईच्या कानात ते वाक्य शिरलं. हेच शब्द. पुंजाराम हेच म्हणाला होता. अठ्ठावीस वर्षं झाली, आणि दुसऱ्या एका माणसानं दुसऱ्या एका मुलखात तेच शब्द तसेच्या तसे उच्चारले होते. ती जावयाला कधी उलटून बोलली नव्हती. आताही बोलली नाही. तिनं मोनूचा हात धरला आणि चढाची वाट धरली.

"आई? आई, कुठं चाललीस?"

लंकाबाईनं मागं बघितलं नाही. वाळूत पाय रुतत होते. चढ संपला तिथं उसाच्या बांधाला टेकून मोटारसायकल उभी होती आणि ते दोघं तिथंच होते. आता परत फिरणं आलं किंवा त्यांच्या पुढून जाणं. तिनं मोनूला उचलून कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर, पाय आजीच्या पार गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

पांढरा शर्टवाला आडवा आला. "का वो म्हातारे? आवडली न्हाई जागा?"

"पोरीला ताप हाय," लंकाबाई म्हणाली. "अंगात लई ताप हाय. नदीचं गार बाधंल."

"आत्ता तर खेळत हुती."

"ताप आसाच येतो बाबा. सांगून येत न्हाई."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. लंकाबाईनं नजर खाली केली नाही, वरही केली नाही. त्याच्या शर्टाच्या गुंड्यांवर ठेवली. मुकादमापुढं, मळेवाल्यापुढं, ती अशीच उभी राहत आली होती. मागून जया धापा टाकत आली आणि आईला चिकटून उभी राहिली. मोनूनं आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. ती खरंच आजारी दिसत होती.

"जावा," तो म्हणाला. "गावात वर जावा. हितं कोन दिसलं हुतं का तुमाला?"

"आमाला काय दिसतंय? आमी आपलं चहा करत हुतो."

त्यानं बाजूला होऊन वाट दिली.

उसाच्या दोन भिंतींमधून वाट गावाकडं जात होती. वळण येईपर्यंत लंकाबाई चालत राहिली. मागून मोटारसायकलचा आवाज येतो का, याकडं तिचा सगळा जीव लागला होता. वळण ओलांडल्यावर तिनं मोनूला खाली उतरवलं आणि गुडघ्यांवर हात टेकून ती तशीच वाकून उभी राहिली.

जयानं मोनूच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. "आई, हिला कुठं हाय ताप?"

"न्हाई," लंकाबाई म्हणाली. "कानिफला बी नव्हता."

जयाला काही उमगलं नाही. कानिफ म्हणजे कानिफनाथ, तिचा थोरला भाऊ. जया झोळीत होती तेव्हा तो ऊसतोडीच्या मुलखात तापानं गेला, एवढंच घरात माहीत होतं. त्याचा फोटो नव्हता. त्याच्याबद्दल बोलणं निघालं की वडील उठून बाहेर जायचे, म्हणून बोलणं निघत नसे.

"काय म्हनतीस तू?"

लंकाबाई सरळ झाली आणि चालायला लागली. चालता चालताच ती बोलली. उभं राहून तिला ते बोलता आलं नसतं.

"पयलाच दिस हुता. कोप्या घालायच्या हुत्या. मुकादमानं दगडागोट्याचं रान दावलं. तुझ्या बापानं वाटंच्या कडंची जागा धरली. म्हनला, हितं सपाट हाय, पोराच्या पाठीला टोचनार न्हाई. रातच्याला उघड्यावरच निजलो. पहाटं मी उठून भाकरी थापीत हुते. तू झोळीत हुतीस. कानिफ गोधडीत हुता, धा पावलांवर. ट्रॅक्टर मागं येत हुता, आदल्या टोळीचा ऊस न्यायला. त्याला मागचं दिसत न्हाई, दोन ट्रॉल्या हुत्या." ती थांबली. "मला आवाज आला हुता, जये. तोडीत ट्रॅक्टर कायमचाच, म्हनून मी मान वर केली न्हाई. तव्यावरची भाकरी उलटली."

मोनू एकदा आईकडं, एकदा आजीकडं बघत होती.

"मग ताप?"

"तुझा बाप म्हनाला, गावात काय सांगू? जागा म्या धरली. त्यो हिरीच्या काठावर जाऊन बसायचा. मी म्हनले, ताप आला म्हनून सांगू. तापाचा दोस कुनाला लागत न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यो गेला चार वर्साखाली. आता सांगितलं तर काय हुतंय."

मागून टेम्पोचा आवाज आला तेव्हा दोघी दचकून बांधावर चढल्या. ओंकारच होता. तंबू गुंडाळायलाही न थांबता त्यानं खुंट्यांसकट मागं फेकला होता. त्याचा चेहरा उतरला होता आणि कपाळावर घाम होता.

"आडवलं का त्यान्नी?" जयानं विचारलं.

"न्हाई. फकस्त बघत हुते." त्यानं सासूकडं बघायचं टाळलं. "बसा मामी. पुढं बसा."

गावाच्या अलीकडं पहिलं घर लागलं तिथं लंकाबाईनं टेम्पो थांबवायला लावला. पत्र्याचं दोन खणांचं घर, पुढं सारवलेलं अंगण, भोवती दगडांचा हातभर उंच बांध. एक पोक्त बाई शेळीला पाला टाकत होती. टेम्पो दिसताच ती पाठीमागं सरली आणि दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. तिलाही भीती वाटत होती, हे लंकाबाईला लांबूनच कळलं. या दिवसांत गावोगाव चोरांच्या अफवा होत्या, पोरं आळीपाळीनं गस्त घालत होती. अनोळखी गाडी कुणाला नको होती.

लंकाबाई एकटीच उतरली. चपला बांधाबाहेर काढल्या.

"बाई, रातच्यापुरती पाठ टेकायला जागा द्याल का? लेक, जावई, नात हाय. सकाळी उठून जाऊ. पानी बी आमचं हाय."

"कुठल्या तुमी?"

"तिसगावकडच्या. पाथर्डी तालुका."

"तोडीला का?"

"तोडीत जन्म गेला. आता न्हाई. नातीला धरन दावायला चाललोय."

त्या बाईनं, छबूबाईनं, टेम्पोतल्या मोनूकडं बघितलं, मग जयाच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडं. "आधार कार्ड हाय का?" असं विचारून तिनं घरातून मोबाईल आणला आणि पोलीस पाटलाला लावला. भागवत पाटील दहा मिनिटांत चालत आले. चौघांची नावं त्यांनी वहीत लिहिली, आधार कार्डाशी ताडून बघितली, टेम्पोचा नंबर घेतला आणि खाली ओंकारची सही घेतली.

"पयलंच हितं का आला न्हाई?"

"नदीवर उतरलो हुतो," ओंकार म्हणाला.

पाटलांनी वही मिटली. थोडा वेळ ते नदीच्या बाजूला बघत राहिले. "नदीवर जाऊ नये," एवढंच ते म्हणाले. "हितं झोपा. नोंद झाली, आता कोन उठवनार न्हाई."

तंबू अंगणात लागला. लंकाबाईनं मोनूचं अंथरूण घराच्या भिंतीला लागून घातलं आणि स्वतः बाहेरच्या अंगाला पडली. पहाटे नदीकडून गाड्यांचा आवाज आला. ती जागीच होती. जयाही जागी होती. अंधारात तिनं आईचा हात शोधून घट्ट धरला. ओंकार तंबूत नव्हता. तो अंगणाच्या तोंडाशी दगडावर गोधडी पांघरून बसला होता आणि उजाडेपर्यंत तिथून हलला नाही. जयानं त्याला रात्री किती सांगितलं, कुणाला ठाऊक. सकाळी तो सासूपुढं चहाचा पेला घेऊन आला, तेव्हा पेला देऊनही तसाच उभा राहिला.

"मामी, तंबू मी त्या वाटंवरच लावला हुता," तो म्हणाला.

"तुमाला काय ठावं," लंकाबाई म्हणाली. "तुमी चहा घेतला का?"

त्यानं मान हलवली आणि तो सामान भरायला गेला.

ऊन अंगणात आलं होतं. छबूबाईनं मोनूसाठी शेळीचं दूध तापवून आणलं. जया पायरीवर बसून मोनूची वेणी घालत होती. मोनूनं दूध पिऊन संपवलं. मग तिनं विचारलं, "आज्जी, कानिफमामा केवढा हुता?"

जयाचा हात वेणीत थांबला. टेम्पोत गोधड्या रचणारा ओंकारही थांबला.

लंकाबाई अंगणात उभी होती. तिनं उजवा हात पुढं केला, तळवा खाली. वर घेतला. थोडा खाली आणला. पुन्हा किंचित वर नेला आणि कमरेच्या जरा खाली एका जागी थांबवला. तिथं तो हलला नाही.

अर्धी वेणी तशीच सोडून मोनू उठली आणि आजीजवळ गेली. ती त्या हातापेक्षा बरीच उंच होती. तिनं गुडघे वाकवले, आणखी वाकवले, मान आत घेतली आणि तळव्याखाली नीट मावेल एवढी झाली.

"एवढा?"

"व्हय," लंकाबाई म्हणाली. "एवढा."